आठ सिलिंडरचा माणूस

पडदेवाल्याला गाडीतलं काय कळतं, असं कोणी म्हटलं की पूर्वी माझं डोकं फिरायचं. आता फिरत नाही. आता मीच आधी सांगून टाकतो, मला काही कळत नाही बाबांनो, दुसऱ्या कुणाला विचारा. पण गेल्या हिवाळ्यात मला सगळं कळत होतं. इंजिन या विषयावर मी इतका बोलायचो की पडद्याचं कापड बघायला आलेली माणसं कापड तिथेच ठेवायची आणि सिलिंडरची माहिती घेऊन घरी जायची. बायको गल्ल्यावर बसून ऐकायची आणि कात्रीला तेल देत राहायची. त्या हिवाळ्यात आमच्या कात्र्या फार सुरेख चालत होत्या.

आमची गाडी अमेरिकन, आणि बरीच म्हातारी. एक हॉटेल बंद पडलं तेव्हा त्यांच्या सामानाच्या लिलावात माझे वडील पडदे घ्यायला गेले होते, आणि आले गाडी घेऊन. पडदे महाग होते म्हणाले. गाडीची लांबी अशी की तोंड कोपऱ्यावरून वळलं तरी शेपटी अजून वळावं की नाही याचा विचार करत असते. गल्लीतल्या लोकांनी तिला जहाज म्हणायला सुरुवात केली, मग आम्हीही जहाजच म्हणायला लागलो.

जहाजाची पुढची सीट म्हणजे या दारापासून त्या दारापर्यंत एक सलग सोफा. गिअरचा दांडा खाली नाही, वर स्टिअरिंगच्या बाजूला. त्यामुळे पायाशी मोकळं मैदान आणि तिघं ऐसपैस बसतात. स्टिअरिंगवर मी, पलीकडच्या खिडकीशी बायको, आणि मध्ये ठकी.

ठकी ही माझी धाकटी बहीण. चाळिशी कधीच ओलांडली तिने, पण आजही केसांना दोन रंगांच्या पिना लावते आणि चिल्लर सोडून पैसे मोजत नाही. लहानपणी डॉक्टरांनी तिच्या दुखण्याचं लांबलचक नाव सांगितलं होतं. बाबा ते नाव कधी उच्चारायचे नाहीत. आमच्या ठकीला कसली घाई नाही, एवढंच म्हणायचे. तिला खरंच घाई नाही. आमच्या दुकानात पडद्यांना कड्या आणि हूक लावायचं काम तिचं, आणि ती एक कडी लावून झाल्यावर तिच्याकडे जरा वेळ बघते, मगच दुसरी हातात घेते. तिने कड्या लावलेला पडदा बोटाने ढकलला तरी सुळकन सरकतो. आमची अर्धी गिऱ्हाइकं तिच्या कड्यांसाठी येतात. कापड काय, कुठेही मिळतं.

ती गाडीत मध्येच बसते. आई-बाबा होते तेव्हा त्यांच्या मध्ये बसायची, आता आमच्या मध्ये. एक हात माझ्या कोपराला, दुसरा तिच्या वहिनीच्या मांडीवर. सिग्नल तीच बघते. "लाल! थांब दादा." "हिरवा! चल." मी रस्त्याकडे बघायचं सोडून दिलं तरी चाललं असतं. कोणी तिला विचारलं की तू कोण गं, तर ती सांगते, "मी मधली." आम्ही भावंडं दोनच आहोत आणि ती शेंडेफळ, तरी ती मधली. मागची सीट तिच्या लेखी कापडाच्या ताग्यांची. बस तिला अजिबात चालत नाही. बसमध्ये दोन माणसांच्या मध्ये जागा मिळाली तरी ती माणसं आपली नसतात ना.

तर हे जहाज एके दिवशी चढावर बुडालं. इंजिन किती तापलंय ते दाखवणारा काटा लाल रेघेच्या पलीकडे गेला होता. बायको म्हणाली, "अहो, काटा बघा." मी म्हटलं, "काटा बिघडलाय." ठकी म्हणाली, "दादा, लाल! थांब." मी तिला समजावून सांगितलं की हा लाल वेगळा आणि सिग्नलचा लाल वेगळा. तेवढ्यात समोरून धाडकन आवाज झाला, बॉनेटखालून वाफेचा लोट आला आणि काच पांढरी झाली. लाल तो लालच, हे मला तेव्हा कळलं.

आमचे मिस्त्री जुन्या गाड्यांचं काम करतात. त्यांचं गॅरेज म्हणजे एक पत्र्याची लांबलचक शेड, आत कायम रेडिओ चालू, आणि मिस्त्री रेडिओच्या वर आवाज काढून बोलणार. त्यांनी बॉनेटमध्ये डोकं घातलं, बराच वेळ आत ठेवलं आणि बाहेर काढून म्हणाले, "शेठ, ब्लॉकला तडा. हे इंजिन गेलं. दुसरं बघा."

दुसरं बघा! या दोन शब्दांनी माझं आयुष्य बदललं. इतकी वर्षं लोक माझ्याकडे येऊन, हा रंग की तो रंग, जाड की पातळ, असं करत माझं डोकं खात होते. आता निवडायची पाळी माझी होती, आणि मी ती मनसोक्त उपभोगायची ठरवली.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही दोघं बसने दुकानात जायला लागलो आणि ठकी घरी राहिली, शेजारच्या काकूंकडे. पण सकाळी ती तयार व्हायची. पिना लावून, पर्स खांद्याला अडकवून दाराशी उभी. "जहाज झालं?"

"होतंय गं. या आठवड्यात."

"माझ्या कड्या कोण लावतंय?"

"शिंपी लावतोय."

"त्याला येत नाही," ठकी म्हणायची. खरंच येत नव्हतं. एका गिऱ्हाइकाचा पडदा अर्ध्यात अडकला तो ओढताना दांडीसकट खाली आला, आणि बाई दांडी घेऊनच दुकानात आल्या. पण मला त्या दिवसांत असल्या किरकोळ गोष्टींकडे बघायला वेळ नव्हता. मी संशोधन करत होतो.

पर्याय तीन होते. पहिला, जहाजाला होतं तसंच, सरळ रांगेत सहा सिलिंडरचं इंजिन. गावाबाहेरच्या भंगारवाल्याकडे एक पडलं होतं, दुरुस्त करून बसवलं की काम झालं. बायको म्हणाली, "मग तेच घ्या की. होतं तसं बसेल." या वाक्यात मला तिची कल्पनाशक्ती फार तोकडी वाटली. मी तिला तसं बोललोही. तिने कात्री बाजूला ठेवली आणि दुसरी घेतली.

दुसरा पर्याय माझ्या मेहुण्याचा. बायकोचा हा भाऊ माल पोचवणाऱ्या गाड्या भाड्याने देतो, आणि त्याला जगातल्या सगळ्या दुखण्यांवर डिझेल हा एकच उपाय माहीत आहे. "भावोजी, व्हॅनचं डिझेल इंजिन टाका. पाण्यासारखं चालेल. मरेपर्यंत काही बघायला नको." मी म्हटलं, "अरे, त्याचा आवाज व्हॅनसारखा येईल." तो म्हणाला, "मग? तुम्हाला काय गाणं ऐकायचंय?" मला गाणंच ऐकायचं होतं, पण हे मेहुण्याला सांगायची सोय नव्हती.

इथे माझ्या आवाजाविषयी थोडं सांगणं भाग आहे. माझा आवाज बारीक आहे. बारीक म्हणजे असा की फोनवर लोक मला ताई म्हणतात. "ताई, पडदे झाले का हो?" इतकी वर्षं मी "हो, झालेत" एवढंच म्हणून फोन ठेवत आलो. एकदा एक गृहस्थ फोनवर म्हणाले, "ताई, जरा शेठना द्या ना." मी एक मिनिट थांबलो, घसा खाकरला आणि शक्य तितक्या खालच्या पट्टीत म्हटलं, "बोला." ते म्हणाले, "अहो ताई, शेठना द्या म्हटलं."

आता तिसरा पर्याय. मिस्त्रींनी एक दिवस मला शेडच्या मागच्या बाजूला नेलं. तिथे एका लोखंडी घोड्यावर इंजिन ठेवलं होतं. आठ सिलिंडर, चार इकडे, चार तिकडे, फाकवलेल्या बोटांसारखे. एका अपघातात चेपलेल्या गाडीतून सुटं करून आणलेलं, आपल्या गिअरबॉक्ससकट. मिस्त्रींनी ताडपत्री अशी अलगद काढली की स्वतःच्या मुलीचा दाखवण्याचा कार्यक्रम आहे असं वाटावं.

"असलं इंजिन आजवर एकदाच बघितलंय शेठ," ते म्हणाले. "तेही दुसऱ्याने बसवलं, मी नुसता दिवा धरून उभा होतो."

त्यांनी बॅटरी लावली आणि इंजिन सुरू केलं. रेडिओ ऐकू येईनासा झाला. शेडचे पत्रे थरथरले. माझ्या बरगड्या आतून कोणीतरी वाजवतंय असं वाटलं. खोल, भरदार, सावकाश असा तो आवाज. देवाकडून मला द्यायचा राहून गेला तो हाच, अशी माझी खात्री पटली. मिस्त्री काहीतरी ओरडून सांगत होते, मला ऐकू येत नव्हतं, आणि मी मान डोलवत होतो. मिस्त्रींच्या डोळ्यांत पाणी होतं. धुरामुळे असेल, पण माझ्याही डोळ्यांत होतं.

दोन शहाणी माणसं एकत्र येऊन एवढा मूर्खपणा करू शकतात याची मला तोवर कल्पना नव्हती. मिस्त्रींनी एकदाही म्हटलं नाही की शेठ, तुम्ही रोज घरून दुकानात आणि दुकानातून घरी जाता, तुम्हाला हे कशाला? आणि मी एकदाही विचारलं नाही. मी खिशातून टेप काढली.

माप घेण्यात माझा हात धरणारा कोणी नाही, हे मी आजही छातीठोकपणे सांगतो. खिडकी नुसती बघून मी पडद्याचा पन्हा सांगतो. मी इंजिन मोजलं, बॉनेटखालची जागा मोजली, पंख्यापासून रेडिएटरपर्यंतचं अंतर मोजलं. जमिनीवर आडवा होऊन खालून मोजलं, तेव्हा शर्टाची पाठ तेलाने काळी झाली. पुन्हा वरून मोजलं. सगळं कागदावर उतरवलं आणि घरी जेवताना ताटाशेजारी ठेवलं.

"बसतंय," मी जाहीर केलं. "दोन्ही बाजूंना बोटभर जागा उरतेय."

बायकोने कागद बघितला. "आणि ठकी?"

"ठकीचं काय?"

"ठकी बसेल ना नीट?"

"अगं, एवढी जहाजाएवढी गाडी! ठकी बसेल, तू बसशील, तुझा भाऊ त्याच्या डिझेलच्या पिंपासकट बसेल."

ठकी हसली. तिला डिझेलचं पिंप गाडीत बसलेलं फार आवडलं. "मध्ये मी," ती म्हणाली.

"मध्ये तू," मी म्हटलं आणि तिच्या डोक्यावर टपली मारली. म्हणजे कोणी असं म्हणू नये की मला माहीत नव्हतं. मला व्यवस्थित माहीत होतं, आणि मी तोंडाने कबूलही केलं होतं. नुसतं तोंडानेच.

"तुम्हाला इंजिन हवंय की टाळ्या?" बायकोने विचारलं. मी तिला उत्तर दिलं नाही, कारण टाळ्या हव्या होत्या.

पुढचे आठवडे मी हवेत होतो. दुकानात एक गिऱ्हाईक पडद्यांच्या झालरीचा घोळ घालत होतं तेव्हा मिस्त्रींचा फोन आला. मागे रेडिओ बोंबलत होता.

"शेठ, गिअरबॉक्स मोठा आहे. मधला पत्रा कापून वर उचलावा लागतोय. आणि दांडा खालीच येणार, दोन सीटच्या मध्ये. वर घ्यायचा तर सामान मिळत नाही. तेव्हा ती सलग सीट कापतो आणि दोन सुट्या टाकतो. चालेल?"

"सुट्या? म्हणजे शर्यतीच्या गाडीत असतात तशा?"

"अगदी तशा!"

"चालेल म्हणजे काय, पळेल! टाका टाका."

एवढंच बोलून मी थांबलो असतो तरी मला निदान विसरभोळा म्हणता आलं असतं. पण मी थांबलो नाही. मी संध्याकाळी कपाटातून गडद लाल रंगाचं जाड कापड काढलं, दोन सीटच्या कव्हरांचं माप घेतलं, स्वतः बेतलं आणि शिंप्याला शेजारी बसवून शिवून घेतलं. दोन कव्हरं. एक माझ्यासाठी, एक बायकोसाठी. कापडाचा तुकडा उरला तो ठकीला पर्स करायला देऊ असं ठरवलं, आणि आपण किती प्रेमळ भाऊ आहोत असंही माझ्या मनात आलं. काय म्हणावं या माणसाला? मी तर त्याला ओळखही दाखवली नसती.

जहाज तयार झालं तेव्हा मी एकटाच आणायला गेलो. परत येताना प्रत्येक सिग्नलला लोक माना वळवून बघत होते. एक तरुण आपल्या बारक्या गाडीतून अंगठा वर करून गेला. मी गंभीर चेहरा करून मान किंचित झुकवली, असं रोजच होतं माझ्याबाबतीत, असं दाखवत. मुद्दाम दोन गल्ल्या जास्तीच्या फिरलो. आमच्या गल्लीत शिरलो तेव्हा पटापट खिडक्या उघडल्या, आणि त्यातल्या बहुतेक खिडक्यांचे पडदे आमचेच होते. मी घरासमोर गाडी उभी केली आणि इंजिन बंद न करता खाली उतरलो. शेजारच्या काकू कानांवर हात ठेवून बाहेर आल्या. काकांनी खरोखर टाळ्या वाजवल्या.

बायको पायऱ्यांवर उभी होती. तिने आधी गाडीकडे बघितलं, मग उघड्या दारातून आत. लाल कव्हरांकडे, त्यांच्या मधल्या उंचवट्याकडे, उंचवट्यावरच्या चकचकीत दांड्याकडे. मग माझ्याकडे बघितलं. त्या क्षणाला, इतक्या आठवड्यांत पहिल्यांदा, माझी टेप सोडून मी स्वतः विचार केला.

पण ठकी निघाली होती. पिना लावलेल्या, पर्स खांद्याला. इंजिनच्या आवाजाला घाबरली, जरा थबकली, पण जहाज आलं म्हणून तोंडभर हसत होती. ती नेहमीसारखी वहिनीच्या बाजूच्या दाराने पहिली आत गेली आणि बसल्या बसल्या मधल्या जागेकडे सरकली. दांडा तिच्या कुशीला लागला. तिने दांड्याकडे बघितलं. मग उठली, उंचवट्याच्या इकडे एक पाय, तिकडे एक पाय असं करून बघितलं. डोकं छताला लागलं. पुन्हा बसली. पुन्हा उठली. ती कडी लावते ना, तशीच सावकाश, चिकाटीने सगळं करून बघत होती. गल्ली बघत होती. मी आत हात घालून इंजिन बंद केलं.

"दादा," ती आतून म्हणाली, "मी जाडी झाले."

"नाही गं."

"झाले. मी मावत नाही."

आणि मी काय केलं? मी हसलो. मी गल्लीतल्या लोकांसमोर दात काढून हसलो आणि म्हटलं, "अगं, तू आता मागे बसायचं. राणीसारखं! आख्खी सीट तुझी एकटीची." काकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. ठकीने वाद घातला नाही. ती कधीच घालत नाही. उतरली आणि मागे जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दुकानात निघालो. मागे नेहमीप्रमाणे कापडाचे तागे होते, त्यांच्या आणि दाराच्या फटीत ठकी, एका ताग्याला धरून. आरशात मला तिच्या पिना दिसत होत्या, एक हिरवी, एक पिवळी. आठ सिलिंडर गर्जत होते. मागून काही आवाज आला असेल तर तो मला ऐकू आला नाही. चौकात मी गाडी पट्ट्यांच्या निम्मी पुढे नेऊन कचकन ब्रेक दाबला.

"लाल होता," बायको म्हणाली.

"कोणी बोललंच नाही," मी म्हटलं, आणि म्हणता म्हणता माझा बारीक आवाज आणखी बारीक झाला. बायको खिडकीतून बाहेर बघत राहिली. तिचा हात मांडीवर पालथा पडला होता.

दुकानात ठकीने कड्या लावल्या. नेहमीसारख्याच, एकेकीकडे बघत. मला वाटलं, चला, रुळेल हळूहळू. माणसाला काय, सगळ्याची सवय होते. असं माणूस दुसऱ्याविषयी किती पटकन म्हणतो! दुपारी आम्ही तिघं मागच्या खोलीत कापायच्या मोठ्या टेबलाशी जेवायला बसलो. बायकोने डबे उघडले. ठकीने स्वतःचा डबा पुढ्यात ओढला, त्यातलं निम्मं चमच्याने एका कोपऱ्यात सारलं, उरलेल्यातले दोन घास खाल्ले आणि झाकण लावून टाकलं.

"काय गं, बरं नाही वाटत?" बायकोने विचारलं.

"वाटतंय."

"मग खा ना."

"नको. आता थोडंच खायचं." झाकणावर तिने दोन्ही हात ठेवले. तिला भूक लागली होती, डब्याकडे बघत होती ती. "बारीक झाले की मावेन."

बायको उठली आणि कपाटाकडे तोंड करून उभी राहिली. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं, नुसती अस्तरं होती. मला रडू येत होतं आणि स्वतःला एक सणसणीत ठेवून द्यावीशी वाटत होती, आणि दोन्हींपैकी काहीच करता येईना. मी उष्ट्या हातानेच उठलो, डाव्या हाताने फोन लावला.

"मिस्त्री, इंजिन काढा."

"काय झालं शेठ? तेल गळतंय?"

"काही गळत नाही. उत्तम चालतंय. काढा, आणि ते भंगारवाल्याकडचं सहाचं बसवा. दांडा वर, खालचा पत्रा सपाट, सीट होती तशी सलग."

पलीकडे त्यांनी पहिल्यांदाच रेडिओ बंद केला. "अहो, पण सीट कापली आपण."

"मग जोडा."

"शेठ, असं कोणी करतं का? आठचं काढून सहाचं बसवायचं! लोक हसतील."

"हसू द्या. मी आत्ता गाडी घेऊन येतो."

मी फोन ठेवून टेबलाशी आलो. ठकी अजून तशीच बसली होती, झाकणावर हात ठेवून.

"ठकी, डबा उघड. तू जाडी झालेली नाहीस. गाडीतली जागा मी कमी केली."

तिने ते नीट ऐकून घेतलं. "तू केलीस?"

"हो."

"मुद्दाम?"

"नाही गं! मुद्दाम कशाला करीन? माझ्या लक्षातच राहिलं नाही."

ठकीने माझ्याकडे बघितलं. "काय लक्षात राहिलं नाही? मी?"

आवाजच फुटेना, बारीक नाही की जाड नाही. मी नुसती होकाराची मान हलवली. ती बराच वेळ माझ्याकडे बघत होती, तिला कसली घाई नसते. मग तिने झाकण काढलं, कोपऱ्यात सारलेलं निम्मं चमच्याने परत मध्ये ओढलं आणि खायला लागली, मोठे मोठे घास घेत. बायको येऊन तिच्या शेजारी बसली.

"दादा," तोंड भरलेलं असतानाच ठकी म्हणाली, "परत विसरू नकोस हं."

"नाही," मी म्हटलं.